विद्युत्‌विद्येच्या पहिल्या भारतीय पदवीधर स्त्री : अय्यलसोमयाजुला ललिता

ज्यांच्या चरित्रांपासून काही बोध घ्यावा अशी माणसे दोन प्रकारची असतात. काही माणसे आपल्या पराक्रमाने एखादे युग घडवितात. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो, परंतु त्यांच्यासारखे होण्याची उमेद आपल्यासारख्या संसारी माणसांस होत नाही. दुसऱ्या प्रकारची माणसे आपल्याच घरांसारख्या घरांत जन्मतात, आपल्यावर येतात तशीच संकटे त्यांच्यावर येतात, आणि त्या संकटांतून ती जी वाट काढतात ती आपणांसही चालता येण्याजोगी असते. प्रस्तुत लेखाच्या नायिका ललिताबाई या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांनी राज्य मिळविले नाही, ग्रंथ लिहिले नाहीत, की व्यासपीठे गाजविली नाहीत. त्यांनी एक पदवी मिळविली. ती पदवी विद्युत्‌ अभियांत्रिकीची होती, ती मिळविणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री होत्या, आणि त्या वेळी त्या एका लहान मुलीच्या विधवा माता होत्या. एवढ्या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या म्हणजे हे चरित्र आम्ही का निवडले हे वाचकांच्या सहज लक्षात येईल.

ललिताबाईंचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रास येथे एका मध्यमवर्गीय तेलुगू कुटुंबात झाला. सात भावंडांत त्या पाचव्या. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव हे मद्रासजवळील गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत्‌ अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. घर विद्येचे होते खरे, पण रीत त्या काळचीच होती. मुलगे अभियांत्रिकीच्या वाटेने गेले. मुलींस बेताचे शिक्षण देऊन वेळेवर उजवून टाकण्यात आले. ललिताबाईंचाही विवाह वयाच्या पंधराव्या वर्षी झाला. तथापि वडिलांनी एवढा आग्रह धरला की, लग्न झाले तरी मुलीने निदान मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण पुरे करावे. त्या आग्रहाची किंमत त्या वेळी कोणास कळली नसेल. पुढे जो प्रसंग ओढवला त्यात ते शालेय शिक्षणच त्यांच्या हाती असलेले एकमेव भांडवल ठरले.

सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांस कन्यारत्न झाले. मूल चार महिन्यांचे झाले न झाले तोच पतीचे निधन झाले. ललिताबाईंचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते.

अठरा वर्षांच्या विधवेपुढे त्या काळी कोणते आयुष्य वाढून ठेवलेले असे, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांस वेगळे सांगावयास नको. अनेक ज्ञातींत केशवपनाची चाल होती. ती जेथे नव्हती तेथेही विधवेने माजघरापलीकडे पाऊल टाकू नये, मंगलकार्यात पुढे येऊ नये, आणि कोणाच्या तरी आश्रयाने उरलेले दिवस कंठावेत, हीच तिच्याकडून अपेक्षा असे. महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला व पुढे हिंगण्याच्या माळावर त्याचा विस्तार केला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मद्रासकडे हेच कार्य आर. एस. सुब्बलक्ष्मी यांनी केले. त्या स्वतः बालविधवा होत्या. १९११ साली त्यांनी पदवी संपादन केली आणि लगेच विधवा मुलींच्या शिक्षणासाठी आश्रय उभा केला. म्हणजे ललिताबाईंच्या वाट्यास वैधव्य आले तेव्हा विधवेने शिकावे ही कल्पना अगदीच अनोळखी राहिली नव्हती. परंतु शिकावे म्हणजे शिक्षिका व्हावे, परिचारिका व्हावे, फार तर डॉक्टर व्हावे, इथवरच समाजाची मजल गेली होती. स्त्रीने यंत्रशाळेत उभे राहून जनित्र चालवावे, हा विचार फारसा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

ललिताबाईंनी पुन्हा विवाह केला नाही. माहेरी परत आल्यावर त्यांनी प्रथम मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात नाव घातले व इंटरमीजिएटची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा वैद्यकाचा मार्ग समोर होता. त्या मार्गाने मद्रासेतील काही स्त्रिया आधी गेलेल्याही होत्या. परंतु ललिताबाईंचा विचार फार व्यवहारी होता. डॉक्टरास मध्यरात्री बोलावणे आले तरी उठून जावे लागते. घरी तान्हे मूल आणि त्यास दुसरा पालक नाही, अशा बाईने ते कसे साधावे? ठराविक वेळेस जाऊन ठराविक वेळेस घरी परतता येईल असे काम त्यांस हवे होते. वडील व भाऊ अभियंते असल्यामुळे त्या कामाची ओळख घरातच झाली होती. तेव्हा अभियांत्रिकीची निवड त्यांनी कसल्या ईर्ष्येने केली नाही, तर आईच्या हिशेबाने केली. आमच्या मते या चरित्रातील ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. पहिलेपणाचा मान मिळवावा म्हणून त्या निघाल्या नव्हत्या. मुलीस वाढवावयाचे होते म्हणून निघाल्या होत्या.

गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही देशातील फार जुनी विद्यासंस्था होय. तिचे मूळ १७९४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात सुरू झालेल्या भूमापन शाळेत आहे. तेव्हापासून तेथे पुरुषांसच प्रवेश होता. तसा स्त्रियांस मज्जाव करणारा ठराव करावा लागला नसेल. मुलगी अर्ज करील हेच कोणाच्या मनात आले नसावे. सुब्बारावांनी हा प्रश्न प्राचार्य के. सी. चाको यांच्यापुढे मांडला. चाको यांनी अर्जाचा सहानुभूतीने विचार केला, आणि शिक्षणखात्याचे संचालक आर. एम. स्टॅथम यांनीही मान्यता दिली. १९४० साली ललिताबाईंचे नाव विद्युत्‌ अभियांत्रिकीच्या पदवीवर्गात दाखल झाले.

वाचकांपैकी ज्यांची मुले-नातवंडे या शाखेत शिकत आहेत त्यांस तो अभ्यास किती कष्टाचा असतो हे ठाऊकच आहे. इतरांसाठी थोडे सांगतो. आम्ही स्वतः जुन्या मॅट्रिकपुढे शिकलो नाही; परंतु शाळेत विज्ञान शिकविताना जे जाणून घ्यावे लागले त्याच्या आधारे सांगता येईल तेवढे सांगतो. विद्युत्‌ अभियंत्याचा अभ्यास विजेपासून सुरू होत नाही, तो गणितापासून सुरू होतो. त्याबरोबर यंत्रचित्रांचे रेखाटन असते, पदार्थांच्या बळाचा विचार असतो, कार्यशाळेत कानस व हातोडा हाती घेऊन केलेले काम असते. त्यानंतर विद्युत्‌ मंडले, जनित्रे, मोटारी, रोहित्रे म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि वीज एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचे शास्त्र येते. पुस्तकी गणित व हातची कारागिरी या दोहोंत गती असल्यावाचून ही विद्या वश होत नाही. आपल्याकडील जुनी समजूत अशी होती की, मुलीस गणित जमत नाही आणि हत्यार पेलत नाही. ललिताबाईंस या दोन्ही समजुतींना एकाच वेळी उत्तर द्यावयाचे होते. आणि ते त्यांनी तोंडाने न देता परीक्षेच्या कागदावर व कार्यशाळेत दिले.

अभ्यासापेक्षा कठीण गोष्ट निराळीच होती. शेकडो विद्यार्थ्यांत ही एकटी मुलगी. तिच्या निवासाची स्वतंत्र व्यवस्था वसतिगृहात करण्यात आली. कन्या मात्र तिच्याजवळ राहू शकत नव्हती. ती भावाच्या घरी वाढत होती आणि ललिताबाई सुट्टीच्या दिवशी तिला भेटून येत. सहाध्यायी विद्यार्थ्यांनी त्यांस त्रास दिला नाही, उलट आदराने वागविले, असे त्यांच्या कन्येने पुढे सांगितले आहे. त्रास होता तो एकलेपणाचा. सायंकाळी चार शब्द बोलावयास कोणी नाही, आणि मन मुलीकडे ओढ घेते, अशा स्थितीत त्या काही महिने राहिल्या.

ही अडचण वडिलांच्या ध्यानात आली. सुब्बारावांनी प्राचार्यांस सुचविले की, एका मुलीस घेतलेच आहे तर आणखी मुलींस का घेऊ नये? महाविद्यालयाने स्त्री-विद्यार्थिनींसाठी जाहिरात दिली आणि पुढील वर्षी लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. एका मुलीचा एकलेपणा दूर करण्यासाठी उघडलेल्या दारातून ज्या थ्रेसियाबाई आत आल्या त्याच पुढे, १९७१ साली, केरळ राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. चांगल्या कामाचे फळ कोठे व केव्हा येईल हे सांगता येत नाही, ते असे.

त्या काळी दुसरे महायुद्ध चालू होते. अभियंत्यांची गरज वाढल्याने विद्यापीठाने अभ्यासक्रमाचा काळ काही महिन्यांनी कमी केला. त्यामुळे ललिताबाई एक वर्ष पुढे असूनही १९४३-४४ च्या सुमारास तिघींचे शिक्षण एकाच वेळी पूर्ण झाले. पदवीपत्राचे छापील नमुने पुरुषांसाठीच केलेले होते. त्यांतील पुरुषवाचक सर्वनाम लेखणीने खोडून त्या जागी स्त्रीवाचक शब्द हाताने लिहावा लागला. दीडशे वर्षांच्या परंपरेत झालेला बदल एका खोडलेल्या शब्दात दिसावा, हे मोठे बोलके आहे.

पदवीनंतर प्रत्यक्ष कामाचे एक वर्ष त्यांनी बिहारमधील जमालपूर येथील रेल्वे कारखान्यात काढले. हा कारखाना १८६२ पासूनचा असून वाफेच्या इंजिनांच्या कामासाठी त्याची ख्याती होती. तेथील उमेदवारी आटोपल्यावर शिमला येथील केंद्रीय मानक संस्थेत त्यांस अभियांत्रिकी सहायकाची नोकरी मिळाली. शिमल्यास त्यांचा एक भाऊ राहत असल्यामुळे कन्येस जवळ ठेवता आले. लंडनच्या विद्युत्‌ अभियंत्यांच्या संस्थेची परीक्षाही त्यांनी याच काळात दिली. डिसेंबर १९४६ पर्यंत त्या तेथे होत्या. त्यानंतर वडिलांनी त्यांस आपल्या संशोधनात मदतीस बोलावले. सुब्बाराव हे शोधक वृत्तीचे गृहस्थ होते. विजेवर चालणारे वाद्य, धूर न करणारी चूल, विजेच्या साह्याने ज्योत निर्माण करणारे साधन, असे अनेक प्रयोग त्यांनी चालविले होते. ललिताबाईंनी काही महिने तेथे काम केले. परंतु स्वतःच्या व मुलीच्या निर्वाहासाठी स्थिर उत्पन्न हवे, हे ध्यानी घेऊन त्यांनी १९४८ साली कलकत्त्यास असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत नोकरी धरली. कलकत्त्यासही एक भाऊ होता. त्याच्या घरी त्या राहिल्या, आणि कामाच्या वेळात मुलीकडे भावजयीने पाहिले. जवळजवळ तीस वर्षे, म्हणजे १९७७ साली निवृत्त होईपर्यंत, त्यांनी त्याच कंपनीत व तिच्या उत्तराधिकारी कंपनीत काम केले.

त्यांचे काम काय होते हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ते आपल्या घरातील दिव्याशी निगडित आहे. वीज निर्माण होते ती धरणाच्या पायथ्याशी किंवा कोळशाच्या खाणीजवळ. ती लागते मात्र दूरच्या शहरांत. तारेतून प्रवाह वाहू लागला की तार तापते व त्या उष्णतेच्या रूपाने काही शक्ती वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून अभियंते असे करतात की, रोहित्राच्या साह्याने विजेचा दाब वाढवितात. दाब दसपट केला तर तेवढीच शक्ती नेण्यास एकदशांश प्रवाह पुरतो, आणि त्याच तारेतील नाश शंभराव्या हिश्शावर येतो. शहराजवळ आल्यावर उपकेंद्रात तो दाब पुन्हा उतरवितात. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली, तीही याच तत्त्वावर. परंतु तत्त्व सोपे असले तरी व्यवस्था सोपी नसते. मनोरे किती अंतरावर उभारावेत, उन्हाने तार किती लोंबेल, वाऱ्याचा भार किती येईल, उपकेंद्रात कोणते यंत्र कोठे बसवावे, आणि कोठे दोष उत्पन्न झाल्यास तेवढाच भाग क्षणार्धात तोडून बाकीची यंत्रे कशी वाचवावीत, या सर्वांचा हिशेब आधी कागदावर करावा लागतो. विद्युत्‌वाहिन्यांचे आराखडे, उपकेंद्रांची मांडणी व संरक्षक उपकरणे हेच ललिताबाईंचे कार्यक्षेत्र होते. सतलज नदीवरील भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत्‌जनित्रांच्या कामातही त्यांचा वाटा होता. स्वतंत्र भारताने जी पहिली मोठी कामे हाती घेतली त्यांत हा प्रकल्प अग्रभागी होता, हे वाचकांस स्मरत असेल.

त्यांच्या कामाची दखल परदेशांतही घेतली गेली. लंडनच्या विद्युत्‌ अभियंत्यांच्या संस्थेने १९५३ साली त्यांस सहयोगी सदस्य करून घेतले व १९६६ साली पूर्ण सदस्यत्व दिले. १९६४ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क येथे स्त्री-अभियंते व शास्त्रज्ञ यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीस भारतातून ललिताबाई गेल्या, त्या सरकारी प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नावाने. आणि नेहमीची साडी नेसूनच त्या जगभरच्या अभियंत्यांत वावरल्या. पुढील वर्षी इंग्लंडमधील स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेने त्यांस सदस्य केले. १९६७ साली केंब्रिज येथे दुसरी परिषद भरली तेव्हा भारतातील आणखी स्त्री-अभियंत्यांनी तीस जावे म्हणून त्यांनी खटपट केली. एकलेपणा काय असतो हे गिंडीच्या वसतिगृहात ज्यांनी अनुभवले होते, त्यांस आपल्यामागून येणाऱ्या मुली एकट्या पडू नयेत असे वाटणे स्वाभाविक होते.

निवृत्तीनंतरचे दिवस त्यांस फार लाभले नाहीत. मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने १२ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे देहावसान झाले. वयाला नुकतीच साठ वर्षे पूर्ण झाली होती. ज्या कन्येसाठी हा सारा खटाटोप केला ती सुशिक्षित होऊन आपल्या संसारात स्थिरावल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, हे त्यांचे भाग्य.

आता या चरित्रापासून घ्यावयाचा बोध. ललिताबाई बुद्धिमान होत्या, कष्टाळू होत्या, धीराच्या होत्या, यात शंका नाही. परंतु केवळ तेवढ्याने हे घडले असते काय? आमच्या मते नाही. तशाच बुद्धीच्या व तशाच धीराच्या कितीतरी मुली त्या काळी माजघरांत आयुष्य काढून गेल्या. फरक पडला तो घराने. लग्नानंतरही शाळा सोडू न देणारा बाप होता. आपल्याच महाविद्यालयात मुलीसाठी शब्द टाकण्याचा संकोच त्याने केला नाही. नियमाच्या मागे न लपणारे प्राचार्य होते. आणि ज्यांची नावे कोणत्याही पदवीपत्रावर आली नाहीत, अशा भावजया होत्या, ज्यांनी नणंदेचे लेकरू आपल्या लेकरांत वाढविले. पदवी एकीची, पण तिचे पुण्य अनेकांचे आहे.

आजचे दिवस पालटले आहेत. आपल्या ज्ञातीतील मुली अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांच्या गुणपत्रिका पाहून अभिमान वाटतो. महाविद्यालयाचे दार आता कोणी अडवीत नाही. परंतु घराचे दार अजून कधीकधी अडते. मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना चांगले स्थळ आले म्हणून शिक्षण मध्येच थांबते. लग्नानंतर राहिलेल्या परीक्षा पुढील वर्षी देऊ असे ठरते आणि ते पुढील वर्ष उगवत नाही. मूल झाल्यावर पदवीपत्र कपाटात जाते ते तेथेच राहते. आणि दुर्दैवाने घराचा कर्ता पुरुष गेला, तर त्या सुनेस धीर देणारे पुष्कळ भेटतात. पण तू अभ्यास कर, मूल आम्ही सांभाळतो, एवढे म्हणणारे थोडेच भेटतात. शिष्यवृत्ती देणे, गुणवंतांचा सत्कार करणे ही कामे ज्ञातिसंस्था करू शकते व तिने ती करावीत. मूल सांभाळण्याचे काम मात्र कोणतीही संस्था करू शकत नाही. ते घरानेच करावयाचे असते.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस व विशेषतः भगिनींस नम्र विनंती आहे. आपल्या घरात एखाद्या सुनेचे, लेकीचे, नणंदेचे वा भावजयीचे शिक्षण अपुरे राहिले असेल, तर या वर्षी ते पुन्हा सुरू करून द्यावे. शुल्काची सोय चार ठिकाणी विचारून होते. वेळेची सोय घरातल्या माणसांनी आपसांत वाटून घ्यावी. दिवसाचे तीन तास तिला अभ्यासासाठी मोकळे मिळाले, तरी पुष्कळ झाले. ललिताबाईंच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन दुसरे नाही.